वसंतातली बाग: आधी माती, मग आसपासची माणसं, मग बियाणं

वसंत लागला की रोपवाटिकांत गर्दी होते, बियाण्याची पाकिटं घरी येतात आणि पंधरा दिवसांत निम्मी रोपं माना टाकतात. दोष बहुतेक वेळा रोपांचा नसतो, बियाण्याचाही नसतो. क्रम चुकलेला असतो. आधी खरेदी, मग खड्डा आणि सगळ्यात शेवटी प्रश्न: इथे नक्की काय येतं? या लेखात तो क्रम उलटा लावला आहे. आधी माती पाहायची, मग आसपासच्या जाणकारांना गाठायचं आणि पाकिटाला हात त्यानंतर घालायचा. बागेचा सल्ला जितका लांबून येतो तितका तो आपल्या वाफ्याला कमी लागू पडतो, असं माझं ठाम मत आहे. हा लेखही त्याला अपवाद नाही; इथले आकडे आपल्या जागेवर ताडून पाहा आणि मगच वापरा.

तुमचा वसंत कोणत्या जातीचा?

जगात वसंत एकच नाही. थंड प्रदेशात वसंत म्हणजे गोठलेली जमीन मोकळी होण्याचा काळ. तिथे भीती असते ती उशिरा पडणाऱ्या दहिवराची, म्हणजे रात्री गोठणाऱ्या दवाची. उष्ण प्रदेशात तोच वसंत उन्हाळ्याच्या उंबरठ्यावर उभा असतो, दर आठवड्याला ऊन चढत जातं आणि भीती असते ती कोवळं रोप होरपळण्याची. दक्षिण गोलार्धात तर तो सप्टेंबर ते नोव्हेंबर असा येतो. त्यामुळे 'वसंतात काय लावावं' या प्रश्नाला सरसकट उत्तर देणाऱ्याकडे जरा संशयाने पाहावं.

थंडी सरतानाचा वसंत असेल तर तुमच्या भागात शेवटचं दहिवर साधारण कधी पडतं ती तारीख हवामान खात्याच्या नोंदींतून काढा. मात्र ही तारीख सहसा सरासरी असते. म्हणजे जवळपास निम्म्या वर्षांत तिच्यानंतरही दहिवर पडलेलं असतं. टोमॅटो, मिरची, काकडी अशी नाजूक रोपं बाहेर काढायला आणखी दहा-पंधरा दिवस थांबलात तर काही बिघडत नाही. आणखी एक बारकावा: हवामान केंद्रातलं तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर मोजतात. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल त्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून बरीच थंड असते. म्हणून अंदाजात २ किंवा ३ अंश सेल्सिअस दिसलं तरी रोपं झाकावीत.

उन्हाकडे धावणारा वसंत असेल तर हिशेब उलटा. इथे प्रश्न 'किती लवकर?' असा नसून 'आता उशीर तर झाला नाही ना?' असा असतो. लेट्यूसचं बी साधारण २७-३० अंशांपुढच्या मातीत निजूनच राहतं, पालक फुलोऱ्यावर जातो, आणि रात्रीचं तापमान २४ अंशांच्या वर राहू लागलं की टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळतात. अशा ठिकाणी थंडीतली पिकं आवरती घ्यावीत आणि भेंडी, गवार, चवळी, माठ, दोडका, काकडी या उन्हाला सरावलेल्या मंडळींना वाफा द्यावा.

रोपवाटिकेतल्या लेबलांवर किंवा परदेशी बियाण्यावर 'झोन'चा आकडा दिसतो, त्यावरून बरेच गोंधळ होतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नकाशात १३ झोन आहेत आणि त्याची ताजी आवृत्ती २०२३ची आहे. तो नकाशा एवढंच सांगतो की हिवाळ्यातली कमाल थंडी सरासरी किती असते. उन्हाळा किती कडक, पाऊस किती, शेवटचं दहिवर कधी, यातलं काहीही त्यात नाही. बहुवर्षायू झाड हिवाळा काढेल का, हे ठरवायला तो उपयोगी आहे. भाजीचं बी कधी पेरायचं हे त्याला विचारू नये.

पहिलं काम: वापसा येईपर्यंत हात आवरा

वसंतात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते उत्साहाने. माती ओली असताना खणली की कणांची रचना मोडते, ढेकळं बांधली जातात आणि वाळल्यावर ती दगडासारखी होतात. चिकणमातीत हे नुकसान पूर्ण हंगाम पुरतं. म्हणून वापसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी मातीची स्थिती, येऊ द्यावा. चाचणी सोपी आहे. दहा सेंटीमीटर खोलवरची मूठभर माती घ्या, आवळा आणि मूठ उघडा. गोळ्यातून पाणी सुटलं किंवा बोटांवर चकचकीत चिखल राहिला तर अजून थांबा. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर फुटून मोकळा झाला तर वापसा आहे. गोळाच होत नसेल तर एक तर माती फार रेताड आहे किंवा फार कोरडी. आदल्या दिवशी पाणी देऊन पुन्हा पाहा.

दुसरी चाचणी तापमानाची. मातीत खुपसायचा साधा थर्मामीटर मिळतो. तो आठ-दहा सेंटीमीटर खोल घालून सकाळी वाचन घ्या आणि तीन-चार दिवस ओळीने घ्या. मटार, पालक आणि लेट्यूस ५ अंशांच्या आसपासही उगवू लागतात, अर्थात रडतखडत. १० अंशांपुढे त्यांची गाडी रुळावर येते. घेवड्याला १६ अंश तरी हवेत. काकडी, भोपळा आणि भेंडी यांना १८-२०च्या खाली पेरणं म्हणजे बी मातीत कुजवणं. आठवडाभर आधी पेरलेलं बी आणि आठवडाभर नंतर पेरलेलं बी पुष्कळदा एकाच दिवशी वर येतं, आणि नंतरचं रोप जास्त टवटवीत असतं.

निचराही आत्ताच पाहून घ्या. तीस सेंटीमीटर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, ते जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. अडीच ते पाच सेंटीमीटर उतरली तर उत्तम. त्याहून कमी असेल तर तिथे गादीवाफा (जमिनीपासून उंच केलेला वाफा) करावा. वाळू घालून चिकणमाती सुधारण्याच्या नादी लागू नये: थोड्या वाळूने ती सुधारण्याऐवजी आणखी घट्ट होते. तिला लागतो तो सेंद्रिय माल, आणि तोही दर वर्षी थोडा थोडा.

माती तपासून घ्या, आणि नमुना नीट घ्या

बागेत खतावर पैसे घालणारे पुष्कळ, माती तपासणारे थोडे. प्रयोगशाळेच्या अहवालात सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्लधर्मी ते), सेंद्रिय कर्ब (कार्बन), क्षारांचं प्रमाण, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) एवढं तरी कळतं. वर्षानुवर्षं शेणखत आणि कंपोस्ट ओतलेल्या घरगुती बागांत स्फुरद गरजेपेक्षा जास्त साठलेलं सर्रास आढळतं. अशा ठिकाणी 'फुलांसाठी' म्हणून पुन्हा स्फुरदाचंच खत घालणं म्हणजे पैसे देऊन जस्त आणि लोहाची उपासमार ओढवून घेणं.

अहवाल नमुन्याइतकाच खरा असतो, म्हणून नमुन्यावर वेळ घालवा. वाफ्यात नागमोडी चालत दहा-बारा जागा निवडा. कडेची, भिंतीलगतची, झाडाखालची आणि खताचा ढीग होता ती जागा वगळा. वरचा पालापाचोळा बाजूला करा, पंधरा सेंटीमीटर खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करा आणि त्याच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा काप काढा. सगळे काप प्लास्टिकच्या बादलीत जमा करा. जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं वापरलं तर जस्ताचा आकडा फसवा येतो. खडे आणि मुळं काढून माती नीट मिसळा, कागदावर पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. उरलेली पुन्हा मिसळून हेच करत राहा आणि अर्धा किलो उरली की थांबा. ती सावलीत वाळवा, उन्हात किंवा भट्टीत नको. नुकतंच खत घातलेलं असेल तर नमुना घ्यायची घाई करू नका.

सामूच्या आकड्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ही पट्टी दहापटीने चढते. ६ सामूच्या मातीपेक्षा ५ सामूची माती दहापट आम्लधर्मी असते, त्यामुळे 'एकच तर अंक कमी आहे' असं म्हणून सोडून देता येत नाही. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ मानवतो. चुना किंवा गंधक किती घालायचं ते अहवालात लिहून येतं. ते अंदाजपंचे घालू नये.

जुन्या इमारतीलगत किंवा वर्दळीच्या रस्त्याकडेला बाग असेल तर शिशाची चाचणी वेगळी मागून घ्या. नेहमीच्या तपासणीत ती नसते. जुन्या रंगांतलं आणि एके काळच्या पेट्रोलमधलं शिसं मातीत दशकानुदशकं टिकतं. प्रमाण जास्त निघालं तर पालेभाज्या आणि कंदमुळं तिथे लावू नका, बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचा गादीवाफा करा आणि लहान मुलांना त्या उघड्या मातीत खेळू देऊ नका.

आसपास कोण आहे?

इथे सावकाश वाचा, कारण वसंतातल्या बागेचा निम्मा आनंद आणि तीन चतुर्थांश शहाणपण कुंपणाबाहेर असतं.

सुरुवात पायी करा. संध्याकाळी घराच्या परिसरात फिरून दुसऱ्यांच्या बागा पाहा. काय भरभरून वाढलंय, काय पिवळं पडलंय, कुठल्या झाडाला फुलं आलीत? तुमच्यासारखीच माती, तुमच्यासारखंच पाणी आणि तुमच्यासारखाच वारा यांत ती झाडं उभी आहेत, म्हणजे फुकटात झालेली प्रयोगशाळाच. बाग बऱ्यापैकी जुनी असेल आणि मालक बाहेर दिसला तर थांबा. बागेचं कौतुक ऐकून दार लावून घेणारा माळी मी अजून पाहिलेला नाही. तीनच प्रश्न विचारा: अमुक बी कधी पेरता? काय लावून लावून थकलात? दर वर्षी नेमाने येणारी कीड कोणती? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं, कारण अपयश कुठल्याही पाकिटावर छापलेलं नसतं.

मग सरकारी दार. शेतीचं संशोधन शेतकऱ्यापर्यंत आणि बागवाल्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या विस्तार यंत्रणा बहुतेक देशांत आहेत आणि तिथे बागवाले फार कमी जातात. अमेरिकेत १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विद्यापीठांना जोडलेली विस्तार सेवा उभी राहिली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात घरगुती बागवाल्यांचे प्रश्न इतके वाढले की विद्यापीठाने स्वयंसेवकांनाच प्रशिक्षण देऊन उत्तरं द्यायला बसवलं; 'मास्टर गार्डनर' ही चळवळ तिथून निघाली. भारतात पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४मध्ये पुदुच्चेरीला सुरू झालं आणि आज ती बहुतेक जिल्ह्यांत आहेत. ब्रिटनमध्ये १८०४पासूनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी सभासदांना सल्ला देते. तुमच्याकडे यातलं कुठलं रूप आहे ते शोधा: कृषी विद्यापीठ, उद्यान विभाग, जिल्ह्याचं कृषी कार्यालय. माती तपासणी, भागाला मानवणाऱ्या वाणांची यादी आणि पेरणीचं वेळापत्रक या तीन गोष्टी तिथे जवळपास नक्की मिळतात.

जागाच नसेल तर सामुदायिक बाग पाहा. ब्रिटनच्या १९०८च्या कायद्याने मागणी असेल तिथे भाजीसाठी जमिनीचे तुकडे देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. जर्मनीत लाइपझिगला १८६४मध्ये मोरिट्झ श्रेबर या डॉक्टरांच्या नावाची पहिली श्रेबर संस्था निघाली आणि पुढे तिच्या नावाने शहरी बागांची अख्खी संस्कृती उभी राहिली. अशा बागांत बऱ्याच ठिकाणी प्रतीक्षायादी असते. यादीत नाव आजच घाला आणि वाट पाहण्याच्या काळात श्रमदानाला जा. कुणाला मध्येच वाफा सोडायचा असतो, कुणाला महिनाभर पाणी घालणारा हवा असतो. समोर दिसणाऱ्या माणसाची आठवण आधी होते.

वनस्पती उद्यानात फिरायला सगळे जातात, पाट्या वाचायला कमी. वही घेऊन जा. वसंतात तिथे काय बहरलंय, कुठल्या उन्हात उभं आहे, त्याला किती जागा दिली आहे ते टिपा. दोन फुटी रोप म्हणून विकलेलं झाड दहा वर्षांनी केवढं होतं, हे रोपवाटिकेत कळत नाही, उद्यानात कळतं. अशी बरीच उद्यानं वसंतात रोपविक्रीही भरवतात.

सार्वजनिक वाचनालयंही विसरू नका. काही ठिकाणी तिथे बियाण्याची पेटी असते: बी घेऊन जायचं, हंगाम संपला की आपल्या पिकाचं थोडं बी परत आणून ठेवायचं. अवजारंही उसनी मिळतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या वाचनालयात ही सोय १९७९पासून आहे. वर्षातून दोनदा लागणारी मोठी कात्री किंवा माती भुसभुशीत करायचं यंत्र विकत घेऊन गंजवण्यापेक्षा हे बरं. तुमच्या भागात तशी सोय नसेल तर चार बागवाल्यांनी मिळून एक कपाट सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही.

सल्ला मागताना प्रश्न नीट मांडला तर निम्मं काम होतं. 'माझा टोमॅटो वाळतोय, काय करू?' याला कुणी काय उत्तर देणार? त्याऐवजी असं सांगा: रोप जमिनीत आहे की कुंडीत, लावून किती आठवडे झाले, किती तास ऊन, पाणी कसं आणि कधी, सुरुवात खालच्या पानांपासून झाली की शेंड्यापासून, एकाच रोपाला आहे की सगळ्यांना, गेल्या पंधरवड्यात काय घातलं किंवा फवारलं. सोबत तीन फोटो: पूर्ण रोप, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू. एवढं सांगता सांगताच अनेकदा उत्तर आपलं आपल्याला सापडतं.

खत फुकट मिळतं, पण तपासून घ्या

पालिकेचं कंपोस्ट, गोठ्यातलं शेणखत, झाडं छाटणाऱ्यांकडचा लाकडाचा चुरा, कॉफीच्या दुकानातला चोथा असा बराच माल आसपास फुकट किंवा नाममात्र दरात मिळतो. प्रत्येकाची एकेक मेख आहे.

शेणखत आणि त्यापासूनचं कंपोस्ट यांच्याबाबत सगळ्यात मोठी मेख तणनाशकाची. अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड या गटातली तणनाशकं कुरणावर फवारली तर ती गवतातून जनावराच्या पोटात जातात, तशीच शेणातून बाहेर येतात आणि कंपोस्टच्या ढिगातही लवकर मोडत नाहीत. ते खत वाफ्यात पडलं की टोमॅटो, घेवडा, मटार यांची पानं आखडून वेडीवाकडी होतात. खबरदारी सोपी आहे: तीन कुंड्यांत ते खत घातलेली माती भरा, तीन कुंड्यांत खात्रीची माती भरा आणि सगळ्यांत घेवडा पेरा. तीन आठवडे पाहा. खताच्या कुंड्यांतली नवी पानं वाटीसारखी वळली किंवा नेच्यासारखी गुंडाळली तर तो माल बागेत आणू नका. ट्रकभर खत उतरवून घेण्याआधी पिशवीभर मागून ही चाचणी करा.

ताजं शेण वसंतात भाजीच्या वाफ्यात घालू नये. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार न कुजवलेलं शेण घातल्यापासून काढणीपर्यंत, खाण्याचा भाग मातीला टेकत असेल तर १२० दिवस आणि टेकत नसेल तर ९० दिवस जावे लागतात. घरच्या बागेलाही हाच हिशेब लावावा. लाकडाचा चुरा फक्त वरून पसरायचा, मातीत मिसळला की तो कुजताना मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढून घेतो. कॉफीच्या चोथ्याचं कौतुक जरा जास्तच झालंय. कंपोस्टच्या ढिगात घाला, कोवळ्या रोपांच्या बुंध्याशी नको.

जुन्या वाफ्याला दर वसंतात दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा कुजलेल्या खताचा थर पुरतो. नव्या वाफ्याला पाच ते आठ सेंटीमीटर घालून वरच्या पंधरा-वीस सेंटीमीटर मातीत मिसळा. खताची किंवा कुंडीच्या मातीची पिशवी उघडताना तोंड लांब ठेवा आणि कोरडं खत उधळू नका. त्यात लिजिओनेला जातीचे, श्वासावाटे न्यूमोनिया घडवणारे जिवाणू असू शकतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अशा पिशव्यांवर तशी सूचनाच छापलेली असते.

रोपं आणि बियाणं निवडताना

रोपवाटिकेत सगळ्यात उंच आणि फुललेलं रोप उचलायचा मोह होतो. तो आवरा. बुटकं, जाड खोडाचं, फूल न आलेलं रोप घ्या. पानं उलटून पाहा: मावा, पांढरी माशी, लाल कोळी खालच्या बाजूलाच असतात. मालकाला विचारून रोप हलकेच कुंडीतून काढा. मुळं पांढरी आणि मातीला धरून असावीत. ती गोल गोल फिरून जाळं झाली असतील तर रोप कुंडीत फार दिवस अडकलंय. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळांत राहणारे सूक्ष्म किडे) असू शकतात, आणि ते एकदा बागेत शिरले की सहजी जात नाहीत. द्विदल पिकांच्या मुळांवर सहज निघून येणाऱ्या, आतून गुलाबी गाठी मात्र चांगल्या, त्या नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या. नवीन रोप घरी आणल्यावर आठ-दहा दिवस इतरांपासून वेगळं ठेवा.

शोभेची झाडं घेताना एक प्रश्न विचाराच: हे इकडे माजतं का? जलपर्णी आणि घाणेरी या दोन्ही वनस्पती शोभेच्या म्हणून अमेरिका खंडातून जगभर गेल्या आणि आज कित्येक देशांची तळी आणि रानं त्यांनी गिळली आहेत.

बियाण्याच्या अदलाबदलीत बी देणाऱ्याला वाण सरळ (बी आईसारखंच निघणारं) आहे की संकरित (दोन वाणांच्या संकरातून केलेलं) ते विचारा. संकरित फळातलं बी आईसारखं निघेलच असं नाही. भोपळावर्गीय बियांबाबत जास्त जपावं. त्यांचं परागीभवन सहज मिसळतं आणि कधी कधी फळात कुकुर्बिटासिन हे कडू विष तयार होतं. घरच्या बियाण्याचा दुधी किंवा भोपळा कडू लागला तर घासही गिळू नका, फळ फेकून द्या.

जुन्या पाकिटांची उगवण चाचणी घ्या. ओल्या कागदी रुमालात दहा बिया गुंडाळा, पिशवीत घालून उबदार जागी ठेवा, त्या पिकाला लागतात तेवढे दिवस थांबा. आठ-नऊ उगवल्या तर नेहमीसारखं पेरा, पाच-सहा उगवल्या तर दाट पेरा, त्याहून कमी असतील तर नवं बी आणा. कांद्याचं बी वर्षा-दोन वर्षांत कमजोर होतं. टोमॅटो आणि काकडीचं कोरड्या, थंड जागी चार-पाच वर्षं सहज टिकतं.

पेरणीपासून लागवडीपर्यंत

रोपं घरात तयार करायची तर लागवडीच्या तारखेपासून मागे मोजा. मिरची आणि वांग्याला आठ ते दहा आठवडे लागतात, टोमॅटोला सहा ते आठ, काकडी-भोपळ्याला तीन ते चार. लवकर पेरलं की रोप लांबुडकं होतं आणि मुळं कोंडतात. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल घाला. लेट्यूससारख्या बारीक बियांना उजेड लागतो, त्या वरून नुसत्या दाबायच्या. उगवेपर्यंत ऊब महत्त्वाची, उगवल्यानंतर उजेड. खिडकीतला उजेड बहुधा अपुरा पडतो, रोपं काचेकडे झुकली की समजा.

जमिनीलगत खोड बारीक होऊन रोपं आडवी पडायला लागली तर ते बुरशीसारख्या पिथियमचं किंवा रायझोक्टोनिया बुरशीचं काम. एकदा लागलं की ते रोप वाचत नाही, म्हणून आधीच सांभाळायचं: ट्रे धुऊन घ्यावा, माती नवी वापरावी, पाणी खालून द्यावं, वरचा थर अधूनमधून सुकू द्यावा आणि हवा खेळती ठेवावी.

घरातलं रोप थेट उन्हात नेलं की पानं पांढरी पडून भाजतात. त्याला सात ते दहा दिवस सवय लावा. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन, मग थोडा वारा, शेवटचे दोन दिवस रात्रीही बाहेर. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळण्याजोगं मुळीच नाही.

लागवड ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी करा. आदल्या तासात रोपाला पाणी पाजा, आळ्यालाही पाजा. टोमॅटो खालची पानं काढून खोल लावा, गाडलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात. कलमी टोमॅटोचा जोड मात्र मातीच्या वरच राहिला पाहिजे. बाकी बहुतेक रोपं कुंडीत होती त्याच पातळीला बसवा.

पाणी, आच्छादन, कुंड्या

रोज शिंतोडे मारण्यापेक्षा अंतराने भरपूर पाणी द्या. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा, ओल लागली तर झारी ठेवून द्या. पाणी सकाळी, बुंध्याशी, पानांवर नको.

आच्छादन पाच ते आठ सेंटीमीटर जाड असावं आणि खोडापासून चार बोटं दूर. वेळ मात्र आपल्या वसंताच्या जातीवर ठरते. थंड प्रदेशात घाई केली तर माती गार राहते, म्हणून ती तापल्यावर पसरा. उष्ण प्रदेशात लागवडीच्या दिवशीच पसरा आणि कोवळ्या रोपांवर तीस ते पन्नास टक्के सावलीची शेडनेट बांधा.

कुंडीत निव्वळ बागेची माती भरू नका, ती दाबली जाऊन मुळं गुदमरतात. माती, कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं हलकं मिश्रण करा. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुवा, त्यात क्षार असतात. काळ्या कुंड्या उन्हात फार तापतात. मोठ्या कुंडीत लहान कुंडी ठेवली की मुळांना दिलासा मिळतो.

छाटणी आणि पाहुणे

वसंतात फुलणारी झुडपं फुलं संपल्यावर छाटायची, कारण त्यांच्या कळ्या मागच्या वर्षीच्या फांद्यांवर असतात. उन्हाळ्यात फुलणारी वसंताच्या तोंडाशी छाटायची. एकटीने राहणाऱ्या कित्येक मधमाश्या पोकळ काड्यांत घर करतात, त्यामुळे वाळकी खोडं मुळापासून साफ न करता फूटभर उंच ठेवा. फुलांवर कीटकनाशक फवारू नका.

फुलोऱ्याच्या तारखा मात्र वहीत लिहायला लागा. क्योटोमध्ये चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत. २०२१मध्ये तिथे बहर २६ मार्चलाच भरात आला, इतका लवकर तो तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत नव्हता. तुमच्या अंगणातल्या एका झाडाला पहिलं फूल कधी आलं, मातीचं तापमान तेव्हा किती होतं, त्या आठवड्यात काय पेरलं आणि ते कसं आलं, एवढ्या चार रकान्यांची नोंद ठेवा. तीन-चार वर्षांत ती तुमच्या परिसरातलं सगळ्यात भरवशाचं वेळापत्रक होते, आणि पुढच्या वेळी कुणी कुंपणापाशी थांबून 'बी कधी पेरता?' असं विचारलं तर दाखवायला वही असते.

कीड दिसली तर

फवारणीची बाटली उचलण्याआधी ओळख पटवा. पान कुरतडलंय पण कीड दिसत नाही, तर रात्री टॉर्च घेऊन जा. गोगलगायी आणि रोप जमिनीलगत कापणाऱ्या अळ्या तेव्हाच कामावर असतात. माव्याच्या वसाहतीशेजारी लेडीबर्ड भुंगे किंवा त्यांच्या काळ्या-केशरी अळ्या दिसल्या तर आठवडाभर कोणतंही औषध फवारू नका. तोवर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन काढला तरी पुरतं.

तरीही रोप हातातून जात असेल तर नमुना सल्ला केंद्रात न्या. पूर्ण वाळलेलं रोप नेऊन उपयोग नाही, अर्धं निरोगी आणि अर्धं आजारी असं रोप मुळासकट उपसा. मुळांभोवतीची माती पिशवीत बांधा, पानं वेगळी कोरड्या कागदात गुंडाळा. ओल्या कागदात ती वाटेतच कुजतात. किडा असेल तर झाकणाच्या छोट्या बरणीत घ्या. सकाळी उपटून त्याच दिवशी पोहोचवा. शुक्रवारी दुपारी नेऊ नका, नमुना दोन दिवस टेबलावर पडून राहतो.